बाबासाहेब, अमेरिका आणि आपले मत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले की राज्यघटना आठवते. आम्ही बँकेत नोकरी केलेली माणसे त्यांना १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे अर्थतज्ज्ञ म्हणूनही मानतो. पण त्यांच्या जीवनातील अमेरिकेचा धागा घराघरांत फारसा सांगितला जात नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व तीन वर्षे तेथे शिकले. विद्यापीठाजवळच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वाढती वस्ती होती. कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क १८७० सालीच मिळाला होता. पण दक्षिणेकडील राज्यांनी मतदानावर कर बसवला, लिहिण्यावाचण्याची परीक्षा ठेवली आणि तो हक्क कागदावरच राहिला.

या प्रश्नाकडे बाबासाहेबांचे लक्ष पुढेही होते. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे कळताच त्यांनी तेथील विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आपल्या अस्पृश्य समाजासाठीही तसा अर्ज करण्याचा विचार चालू होता. डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले.

२६ जानेवारी १९५० रोजी घटना लागू झाली. अस्पृश्यता कायद्याने संपली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळाले. शिक्षण, जमीन, कर, कशाचीच अट नाही. तेव्हा आपला कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता. १९५१-५२ च्या निवडणुकीत अंगठा उठवणाऱ्या आजीचे आणि जमीनदाराचे मत सारख्याच मोलाचे ठरले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मताला कायद्याचे खरे संरक्षण मिळायला १९६५ साल उजाडले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्या वेळी मॉन्टगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली बसवरील बहिष्काराला वर्ष झाले होते. दोनच आठवड्यांनी तेथील बसमधील वर्णभेद संपला. पुढे १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर स्थापन केली, ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन.

नंदिगड्ड्यात असो वा नोकरीनिमित्त बाहेर, आपल्या घरातील अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे मतदार यादीत आली का, एवढे सर्वांनी पाहावे, ही आमची विनंती.