मधमाश्या पाळणाऱ्याने घडवलेला लाकडी मासा पुन्हा रंगवायला लोक का कचरतात?

मासेमारीची जुनी आमिषं जमवणाऱ्यांना विचारा, जेम्स हेडनचं नाव आल्याशिवाय राहत नाही. पण गंमत म्हणजे हेडन आधी प्रसिद्ध होता तो मधमाश्यांसाठी!

1845 साली जन्मलेला हेडन अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डोवाजॅक या छोट्या गावात मधाचा व्यवसाय करायचा. 1885 मध्ये त्याने मधपेटीचं पेटंट घेतलं. अंडी-पिल्लांचा एकच खोल कप्पा ठेवण्याऐवजी त्याने दोन उथळ कप्पे केले. ते वर-खाली बदलता यायचे.

मग मासे कुठून आले? गोष्ट अशी सांगतात, की तळ्याकाठी मित्राची वाट बघत बसलेल्या हेडनने चाकूने लाकडाचा तुकडा तासला आणि सहज पाण्यात फेकला. एका बास माशाने त्यावर झडप घातली. गोष्ट किती खरी, हा भाग सोडा. त्याने हाताने कोरून मित्रांना दिलेले लाकडी बेडूक मात्र खरे आहेत. त्यातले फार थोडे उरलेत.

1902 मध्ये आमिषाचं पेटंट मिळालं, मुलांच्या साथीने धंदा उभा राहिला. पुढे पाण्याखाली पळणारे, काचेचे डोळे बसवलेले लाकडी मासे आले. लाकडावर अस्तर, त्यावर रंगाचे थर आणि वर चकचकीत लॅकर. 1911 मध्ये हेडन वारला, कारखाना मात्र चालत राहिला.

माशांच्या दातांनी आणि आमिषाच्याच गळांनी हा रंग खरवडला जातो. शिवाय लाकूड फुगतं-आकसतं, म्हणून लॅकरला भेगा पडतात. असा मासा घासून नव्याने रंगवावा, असं कुणालाही वाटेल. पण संग्राहकाच्या लेखी खराब झालेला मूळ रंग नव्या झळाळीपेक्षा मोलाचा! एकदा पॉलिश पेपर फिरवला की कारखान्याच्या हातचं काम कायमचं गेलं. त्यामुळे रंग जवळपास उडालेलाच असेल, किंवा तो घेऊन पुन्हा तळ्यावर जायचं असेल, तरच ब्रश उचलणं शहाणपणाचं.

खरी अडचण होते ती रंगवलेला मासा मूळ म्हणून विकला जातो तेव्हा. अशा वेळी गळ अडकवायच्या धातूच्या कड्या नीट बघाव्यात. त्या न काढताच रंग मारला असेल, तर तो धातूवरही चढलेला सापडतो.