सेरेसचा शोध लावणारे ज्युसेप्पे पियाझी

मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे, एवढं एक वाक्य सांगून आपण वर्गात पुढे जातो. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण या पट्ट्यातला पहिला सदस्य ज्यांना दिसला, त्यांची गोष्ट सांगून बघा. मुलं कान टवकारतात.

ज्युसेप्पे पियाझी यांचा जन्म १७४६ साली उत्तर इटलीतल्या पोन्ते गावी झाला. ते धर्मगुरू होते आणि सिसिली बेटावरच्या पालेर्मोत गणित शिकवत. तिथे वेधशाळा उभारण्याचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा चांगल्या यंत्रासाठी ते थेट लंडनला रॅम्स्डेन यांच्याकडे गेले. रॅम्स्डेन कारागीर उत्तम, पण वेळेच्या बाबतीत आनंदच! शेवटी १७८९ मध्ये पाच फूट व्यासाचं वर्तुळयंत्र तयार झालं.

पियाझींना नवा ग्रह शोधायचा नव्हता. ते ताऱ्यांची यादी करत होते. एकेका ताऱ्याची जागा ते अनेक रात्री पुन्हा पुन्हा मोजत. कंटाळवाणं काम, पण याच सवयीने शोध लागला. १ जानेवारी १८०१ च्या रात्री वृषभ राशीत त्यांना एक अंधूक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री मोजला तर जागा सरकलेली! तिसऱ्या रात्री आणखी पुढे. मग तारा कसला?

जाहीर करताना त्यांनी सावधपणे धूमकेतू म्हटलं. मिलानमधल्या मित्राला मात्र याहून मोठं काही असण्याची शंका पत्रातून कळवली. ११ फेब्रुवारीपर्यंत वेध घेतले आणि ते आजारी पडले. तोवर तो ठिपका सूर्याच्या उजेडाकडे सरकत गेला आणि दिसेनासा झाला. सूर्याभोवती एका फेरीला सुमारे ४.६ वर्षं लागतात आणि हाती होती फक्त ४१ दिवसांची निरीक्षणं. पुन्हा शोधायचा कुठे? त्यात पियाझींनी सगळी मोजमापं लगेच दिली नाहीत, म्हणून इतर खगोलशास्त्रज्ञ नाराज झाले. ही नाराजी मला रास्त वाटते.

आकडे छापून आल्यावर २४ वर्षांच्या गाउस यांनी नवी गणिती पद्धत वापरून कक्षा काढली. त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच ३१ डिसेंबर १८०१ ला फॉन त्साख यांना तो ठिपका पुन्हा सापडला.

पियाझींनी नाव ठेवलं 'सेरेस फर्डिनांडेआ'. सेरेस ही शेतीची रोमन देवता, सिसिलीत पूजली जाणारी, आणि फर्डिनांड हे तिथले राजे. बाहेरच्या देशांना राजाचं नाव पसंत पडलं नाही, देवतेचं तेवढं राहिलं.

सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे आणि २००६ पासून तो बटुग्रहांत गणला जातो. पियाझी १८२६ साली नेपल्समध्ये वारले. पुढे १९२३ मध्ये सापडलेल्या १००० क्रमांकाच्या लघुग्रहाला 'पियाझिया' हे नाव देण्यात आलं.