इटलीच्या प्रदक्षिणेतील एकमेव स्त्री : आल्फोन्सिना स्त्रादा

रविवारी पहाटे बंगळूरहून नंदी टेकडीच्या रस्त्याला लागले, की सायकलस्वारांचे थवेच्या थवे दिसतात आणि त्यांत मुलींची संख्याही डोळ्यांत भरण्याजोगी असते. ज्यांचे बालपण पुण्यात गेले आहे, त्यांना बाईमाणसाने सायकल चालविण्याचे मुळीच नवल वाटणार नाही. परंतु सायकल चालविणे निराळे आणि पुरुषांच्या बरोबरीने शर्यतीत उतरून त्यावर पोट भरणे निराळे. शंभर वर्षांपूर्वी हे दुसरे धाडस करणारी आल्फोन्सिना स्त्रादा ही इटालियन स्त्री आपल्या वाचकांना फारशी परिचित नसावी, म्हणून हा अल्पसा परिचय.

आल्फोन्सिनाचा जन्म १६ मार्च १८९१ रोजी, मोदेना व बोलोन्या या शहरांच्या दरम्यान असलेल्या कास्तेलफ्रांको एमिलिया या गावाजवळ झाला. माहेरचे नाव मोरीनी. आईबाप दुसऱ्यांच्या शेतावर राबणारे. घरात मुले पुष्कळ आणि अन्न बेताचे. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी कोठूनशी एक मोडकळीस आलेली सायकल घरी आणली. बापाच्या कामाचे ते वाहन लवकरच मुलीच्या ध्यासाचे झाले. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेस जाते असे सांगून ती शर्यतीला पळत असे. परकर वाऱ्यावर उडवीत जाणारी ही पोर पाहून गावकरी क्रूसाची खूण करीत व तिला सैतान म्हणत. पहिल्या शर्यतीत तिला बक्षीस म्हणून डुक्कर मिळाले, अशीही एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या घराला पदकापेक्षा डुकराचाच उपयोग अधिक होता हे निश्चित!

गावात निभाव लागेना, तेव्हा तिने तुरिन गाठले. तेथे स्त्रियांच्या सायकल-शर्यती होत व प्रेक्षकही जमत. १९०९ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील शर्यतीत भाग घेऊन तिने झार दुसरा निकोलस याच्या हस्ते पदक मिळविले. १९११ साली तुरिनजवळ मोंकालिएरी येथे तिने एका तासात ३७ किलोमीटर १९२ मीटर अंतर तोडले. स्त्रियांच्या अशा विक्रमाची अधिकृत नोंद ठेवण्यास आंतरराष्ट्रीय संघटनेने आरंभ केला तो १९५५ मध्ये, आणि त्या वर्षी नोंदला गेलेला पहिला विक्रम ३८ किलोमीटर ४७३ मीटरांचा होता. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत सायकल किती सुधारली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलीच्या पायांतील बळाची कल्पना येते.

१९१५ मध्ये लुईजी स्त्रादा या धातूवर नक्षीकाम करणाऱ्या कारागिराशी तिचा विवाह झाला. लग्नात त्याने पत्नीला नवी शर्यतीची सायकल भेट दिली. त्या काळच्या नवऱ्याने दागिन्याऐवजी सायकल द्यावी, यातच त्या गृहस्थाची ओळख पटते. उभयतांनी मिलानला बिऱ्हाड केले. महायुद्धाने तोवर इटलीलाही ओढले होते. निम्मे शर्यतपटू आघाडीवर गेले. १९१७ च्या नोव्हेंबरात, कापोरेत्तोच्या पराभवाला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा भरलेल्या लोंबार्दी-प्रदक्षिणेत आल्फोन्सिनाने नाव नोंदविले. विजयी थीसच्या मागून सुमारे दीड तासाने, अगदी अखेरीस ती पोहोचली. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली व एकविसावी आली. एक पुरुष तिच्याही मागे होता.

तिचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९२४ च्या ‘जिरो द’इतालिया’ या इटलीच्या महाप्रदक्षिणेमुळे. त्या वर्षी मानधनाच्या वादावरून जिरार्देंगो, ब्रुनेरो, बोतेक्किया असे मातब्बर स्पर्धक दूर राहिले. स्पर्धा भरविणाऱ्या ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या दैनिकाचे संपादक कोलोंबो यांना लोकांचे लक्ष वेधणारे काहीतरी हवे होते. यादीत ‘आल्फोन्सिन स्त्रादा’ असे नाव छापले गेले. अखेरचा ‘आ’ गळाल्याने हे नाव पुरुषाचे की स्त्रीचे ते कळेना. हा मुद्रणदोष होता की युक्ती, यावर वाद आहेत. मला तरी ती युक्तीच वाटते.

बारा टप्पे, एकूण ३,६१३ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ कन्याकुमारीहून श्रीनगर. रस्ते धुळीचे अथवा चिखलाचे, सायकल जड, आणि चढावर गिअर बदलण्याची आजची सोय नाही. १० मे रोजी मिलानहून नव्वद जण निघाले. पहिल्या टप्प्यांत ती वेळेच्या मर्यादेत पोहोचत राहिली, कित्येक पुरुष तिच्या मागे राहिले वा गळाले. लाक्विला ते पेरुज्या या आठव्या टप्प्यावर मात्र वादळाने गाठले. ती वारंवार पडली आणि सायकलचे हँडल मोडले. झाडूच्या दांड्याचा तुकडा जोडून तिने हँडल तात्पुरते दुरुस्त केले व पेरुज्या गाठले. पण मुदत टळून गेली होती.

नियमाप्रमाणे ती बाद झाली. परंतु तिला पाहण्यासाठी गावोगावी गर्दी लोटत होती आणि अंक खपत होते. तेव्हा कोलोंबो यांनी तोड काढली : तिने पुढेही धावावे, खर्च दैनिक देईल, मात्र निकालात तिची गणना होणार नाही. ज्याची हयात सरकारी फायलींत गेली, त्या माझ्यासारख्याला ही भाषा फार ओळखीची वाटते. काम करून घ्यायचे, पण पटावर नाव चढवायचे नाही! बोलोन्या ते फियूमे हा टप्पा ४१५ किलोमीटरांचा, म्हणजे बंगळूरहून थेट हुबळी. एकवीस तासांनी ती पोहोचली, तेव्हा वाट पाहत थांबलेल्या जमावाने तिला खांद्यावर उचलून घेतले. १ जूनला तिने मिलान गाठले. अधिकृत निकालात तीस नावे आहेत, तिचे नाही. अंतर मात्र तिने पुरते तोडले होते.

लोकांनी वर्गणी काढून व भेटी देऊन तिला पैसा दिला. त्याची तिला निकड होती, कारण लुईजीचे मानसिक संतुलन ढळले होते आणि मनोरुग्णालयाचा खर्च तिच्यावर होता. पुढल्या वर्षी तारांकित मंडळी परतली आणि आल्फोन्सिनाचा अर्ज नाकारण्यात आला. त्यानंतर ती फ्रान्स, स्पेन येथे प्रदर्शनी शर्यतींत उतरली. नाट्यगृहांत व सर्कशीतही तिने सायकल चालविली. पोटासाठी हेही तिने कमीपणा न मानता केले.

लुईजीच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये तिने कार्लो मेस्सोरी या जुन्या सायकलपटूशी विवाह केला. दोघांनी मिलानमध्ये सायकलींचे दुकान चालविले. १९५७ मध्ये मेस्सोरी वारला. दुकान तिने एकटीने चालू ठेवले. १९५८ मध्ये रँस येथे स्त्रियांसाठी रस्त्यावरील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या सायकल-शर्यतीला जागा मिळण्यास १९८४ उजाडले.

१३ सप्टेंबर १९५९ रोजी ती आपल्या ‘मोटो गुझ्झी’ मोटारसायकलवरून वारेसेची शर्यत पाहण्यास गेली. परत आल्यावर त्या जड गाडीशी झटत असतानाच तिचे हृदय बंद पडले.