कोपिंगचा औषधविक्या कार्ल विल्हेल्म शेले

प्राणवायूचा शोध कोणी लाविला असें विचारतांच वरच्या वर्गांतील मुलें प्रीस्ट्‌लीचें नांव सांगतात. कांहीं लव्हाझियेचें सांगतात. तिसरें नांव बहुधा कोणाच्या तोंडीं येत नाहीं. तें नांव कार्ल विल्हेल्म शेले याचें होय. हा गृहस्थ कोणत्याही विश्वविद्यालयाचा पदवीधर नव्हता कीं कोठें अध्यापक नव्हता. औषधांच्या दुकानांत काढे उकळणारा व पुड्या बांधणारा तो एक नोकर होता. त्याच्या हातून जीं अनेक द्रव्यें प्रथम जगापुढें आलीं, त्यांतील एक पिवळी भुकटी आज धुराड्यांतील विषारी वायु नाहींसे करण्याच्या व गवत-लांकडापासून उपयुक्त द्रव्यें काढण्याच्या कामीं येत आहे. त्या भुकटीची हकीकत सांगावयाची तर आधीं त्या पुड्या बांधणाऱ्या माणसाची सांगितली पाहिजे, म्हणून यंदांच्या अंकासाठीं आम्हीं त्याचें चरित्र निवडिलें आहे.

बाल्टिक समुद्राच्या कांठीं श्ट्रालझुंड नांवाचें शहर आहे. आज तें जर्मनींत मोडतें. परंतु १७४२ च्या डिसेंबरांत शेले जन्मला तेव्हां तेथें स्वीडनच्या राजाची सत्ता होती. अकरा भावंडांत हा सातवा. बाप व्यापारी होता, पण व्यापारांत त्याचें दिवाळें निघालें आणि इतक्या मुलांना मोठें शिक्षण देण्याची ऐपत घरांत राहिली नाहीं. तेव्हां थोरल्या भावाप्रमाणें यालाही औषधविक्याच्या हाताखालीं उमेदवार ठेवावें असें ठरलें, आणि चवदा वर्षांचा हा मुलगा समुद्र ओलांडून गोथेनबर्ग येथें बाउख नांवाच्या औषधविक्याकडे आला.

आजच्या औषधांच्या दुकानावरून त्या दुकानाची कल्पना करूं नये. तेव्हां तयार गोळ्या पेटींतून येत नसत. मुळ्या कुटणें, क्षार गाळणें, आम्लें काढणें, पारा शुद्ध करणें हें सारें दुकानाच्या मागच्या खोलींतच होत असे. भट्टी, बरण्या, चंबू आणि तराजू यांची तेथें वाण नव्हती. दुसऱ्या मुलाला जो रोजचा कंटाळा वाटला असता, तोच शेलेला विद्यालयाच्या ठिकाणीं झाला. दिवसा धन्याचें काम करावें, आणि रात्रीं न्यॉयमान, लेमरी, कुंकेल, श्टाल यांचे रसायनावरील ग्रंथ उघडून त्यांतील प्रत्येक विधान स्वतःच्या हातानें पडताळून पाहावें, असा त्याचा आठ वर्षें क्रम चालला. ग्रंथांत लिहिलें आहे म्हणून तें खरें, असें त्यानें कधीं मानिलें नाहीं. या एका संवयीवर त्याचें पुढील सर्व आयुष्य उभें आहे असें आम्हांस वाटतें.

१७६५ सालीं तो माल्मो येथें, पुढें तीन वर्षांनीं स्टॉकहोम येथें व १७७० मध्यें उप्साला या विद्यापीठाच्या शहरीं नोकरीस गेला. स्टॉकहोमच्या दुकानांत त्याला फक्त औषधें मोजून देण्याचें काम होतें. भट्टीजवळ जाण्याची सोय नव्हती. तरी खिडकींत ऊन येत असे, तेवढ्यावर त्यानें आपलें काम चालू ठेविलें. रुप्याच्या एका पांढऱ्या क्षारावर जांभळा प्रकाश पडला असतां तो इतर रंगांच्या प्रकाशापेक्षां लवकर काळा पडतो, हें त्यानें पुढें नोंदून ठेविलें आहे.

उप्साला येथें एक लहानशी गोष्ट घडली. तेथील रसायनाचा अध्यापक टॉर्बर्न बेर्गमान हा शेले ज्या दुकानांत होता तेथूनच सोरा विकत घेत असे. तो सोरा पुष्कळ तापवून त्यावर सिरक्याचें आम्ल घातलें कीं तांबूस वाफा निघत. न तापविलेल्या सोऱ्यांतून तशा निघत नसत. बेर्गमानला याचें कारण उलगडेना. गान नांवाच्या एका तरुणानें ही गोष्ट शेलेजवळ काढिली, आणि दुकानांतल्या या नोकरानें सांगितलें कीं तापल्यानें सोऱ्याचा दुसराच एक क्षार बनतो, व त्यांतील आम्ल दुर्बळ असल्यामुळें सिरका त्याला हांकून लावितो. यावरून अध्यापकाची व नोकराची जी मैत्री जडली ती बेर्गमानच्या मरणापर्यंत टिकली. वाचकांनीं या तांबूस वाफा ध्यानांत ठेवाव्या. त्यांची पुन्हां गांठ पडावयाची आहे.

याच सुमारास, म्हणजे १७७१-७२ मध्यें, शेलेनें प्राणवायु तयार केला. सोऱ्यावर गंधकाम्ल घालून तो तापवीत असे व निघणारा वायु बैलाच्या मूत्राशयाच्या पिशवींत धरीत असे. पिशवींत आधींच चुना कालवून ठेविलेला असल्यामुळें तांबूस वाफा त्यांत जिरून जात आणि जो वायु उरे त्यांत मेणबत्ती डोळे दिपतील अशी जळे. पाऱ्याच्या तांबड्या भस्मापासून व मँगनीजच्या काळ्या खनिजापासूनही त्यानें तोच वायु काढिला. त्याचें नांव त्यानें अग्निवायु असें ठेविलें; आपली हवा या वायूचें आणि ज्वलनास निरुपयोगी अशा दुसऱ्या एका वायूचें मिश्रण आहे हेंही त्यानें दाखविलें. परंतु हा ग्रंथ छापणाऱ्याकडे गेला १७७५ मध्यें, आणि बाहेर पडला १७७७ मध्यें. मध्यंतरीं १७७४ च्या ऑगस्टांत इंग्लंडांत प्रीस्ट्‌लीनें तोच वायु काढून पुढील सालीं प्रसिद्धही केला. त्याच १७७४ सालच्या सप्टेंबरांत शेलेनें लव्हाझियेस पत्र लिहून हा वायु काढण्याची रीत कळविली होती. तें पत्र लव्हाझियेच्या घरच्या कागदांत शंभरांवर वर्षें पडून राहिलें. न्याय करावयाचा तर हेंही सांगितलें पाहिजे कीं त्या वायूचा खरा अर्थ लव्हाझियेनेंच लाविला. शेले जुन्या फ्लॉजिस्टनच्या मतास अखेरपर्यंत चिकटून राहिला. ज्याचा हात इतका अचूक, त्याचें अनुमान येथें चुकलें.

१७७५ च्या फेब्रुवारींत स्वीडनच्या राजविद्वत्सभेनें त्याला सभासद करून घेतलें. औषधविक्याच्या हाताखालच्या माणसाला असा मान मिळण्याची ही एकच वेळ. बर्लिनहूनही त्याला बोलावणें आलें होतें असें चरित्रकार लिहितात. त्यानें तें न स्वीकारतां त्याच वर्षीं कोपिंग नांवाच्या आडगांवीं एका मृत औषधविक्याचें दुकान चालविण्यास घेतलें. दुकानाची मालकी त्या गृहस्थाच्या विधवेकडे होती. उरलेलीं अकरा वर्षें शेले तेथून फारसा हालला नाहीं.

आतां त्या पिवळ्या भुकटीकडे वळूं. स्वीडनच्या लोखंडाच्या खाणींत एक पांढुरका दगड सांपडे. तो इतका जड असे कीं खाणकाम करणारे त्याला आपल्या भाषेंत टंगस्टन, म्हणजे जड दगड, असेंच म्हणत. १७८१ मध्यें शेलेनें तो कुटून आम्लांत शिजविला. चुन्याचा अंश आम्लांत उतरला आणि तळाशीं पिवळी भुकटी राहिली. ती त्यानें अमोनियांत विरघळविली, आम्ल घालून पुन्हां खालीं बसविली, आणि हें आजवर अज्ञात असें द्रव्य आहे अशी खात्री करून घेतली. तिच्यांत एखादा नवा धातु असावा असा तर्क बेर्गमाननें बांधिला, आणि १७८३ मध्यें स्पेनमधील एल्‌हुयार बंधूंनीं वुल्फ्रामाइट नांवाच्या दुसऱ्या एका खनिजांतून तशीच भुकटी काढून, ती कोळशाबरोबर तापवून तो धातु मोकळा केला. त्या जड दगडाला पुढें शेलेच्या स्मरणार्थ शेलाइट हें नांव मिळालें. आपल्या नागपूर जिल्ह्यांत कुहीजवळ खोबना येथेंही टंगस्टनचें खनिज आढळलें आहे.

ही पिवळी भुकटी म्हणजे टंगस्टन ऑक्साइड. शेलेच्या हयातींत तिचा कांहींच उपयोग नव्हता. तिचे आजचे दोन उपयोग समजण्यास उत्प्रेरक म्हणजे काय तें ठाऊक पाहिजे. जें द्रव्य दुसऱ्या द्रव्यांमधील क्रिया लवकर घडवून आणतें, पण स्वतः त्या क्रियेंत खर्ची पडत नाहीं, तें उत्प्रेरक होय. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ स्वतः बोहल्यावर चढत नाहीं, तसाच हा प्रकार. ही कल्पना १८३५ मध्यें बर्झीलियस या दुसऱ्या एका स्वीडिश रसायनवेत्त्यानें नांव देऊन मांडिली. परंतु मद्यार्क व सिरक्याचें आम्ल यांपासून सुगंधी द्रव बनण्यास थोडें खनिजाम्ल घातल्यानें किती मदत होते, हें शेलेनें १७८२ मध्येंच पाहिलें होतें.

पहिला उपयोग धुरासंबंधीं आहे. कोळशावर चालणाऱ्या विजेच्या कारखान्यांत व मोठ्या डीझेल यंत्रांत ज्वाळेच्या तापानें हवेंतील नत्रवायु व प्राणवायु एकमेकांशीं संयोग पावतात, आणि उप्सालाच्या दुकानांत निघालेल्या त्या तांबूस वाफा धुराड्यांतून बाहेर पडतात. त्यांनीं फुप्फुसास इजा होते व पावसाचें पाणी आंबट होतें. यावर १९७० नंतरच्या दशकांत जपानांत एक उपाय सिद्ध झाला. मधाच्या पोळ्यासारखीं छिद्रें असलेल्या विटांमधून धूर जाऊं देतात व त्यांत अमोनिया सोडतात. विटा मुख्यत्वें टिटॅनियम ऑक्साइडच्या असतात. त्यांवर व्हॅनेडियम व टंगस्टन यांच्या ऑक्साइडांचा पातळ थर असतो. तीनशें ते चारशें अंश उष्णतेवर अमोनिया व त्या वाफा यांची क्रिया होऊन साधा नत्रवायु व पाण्याची वाफ उरते. टंगस्टन ऑक्साइड स्वभावतः आम्ल असल्यामुळें अमोनियास धरून ठेवितें, आणि खालच्या टिटॅनियमचे कण तापानें एकमेकांस चिकटून निकामी होऊं देत नाहीं. हमरस्त्यावरील नव्या मालमोटारींत युरियाचें पाणी भरतात तें याच जातीच्या क्रियेसाठीं. तापल्यावर त्याचाच अमोनिया होतो.

दुसरा उपयोग वनस्पतींसंबंधीं. कापूस, गवत, लांकूड यांचा मोठा भाग सेल्युलोज नांवाच्या द्रव्याचा असतो, आणि तें साखरेच्याच कणांची लांब सांखळी आहे. ती सांखळी सुटी करून प्रत्येक साखरकणाचे हवे तेथें तुकडे पाडणें हें बिकट काम. २००८ मध्यें चीनमधील दालियन येथील संशोधकांनीं टंगस्टन व कर्ब यांचें एक संयुग निकेलबरोबर वापरून, गरम पाणी व दाबाखालील हायड्रोजन यांच्या संगतींत सेल्युलोजच्या शंभर भागांपासून साठांहून अधिक भाग एथिलीन ग्लायकॉल काढिलें. एरवीं हें द्रव्य खनिज तेलापासून काढितात. त्यापासून पॉलिएस्टरचें कापड व पाण्याच्या बाटल्या बनतात. पुढें टंगस्टन ऑक्साइडही हें काम करतें असें दिसून आलें. तें साखरेचा सांधा तोडतें; तुटलेल्या तुकड्यांस हायड्रोजन देण्याचें काम निकेल किंवा रुथेनियम हा जोडीदार करितो. हायड्रोजनच्या सहवासांत या पिवळ्या भुकटीचा रंग निळा होतो, ही पाहण्यासारखी मौज आहे.

येथें शेलेचा आणखी एक शोध जुळतो. १७८३ मध्यें त्यानें ऑलिव्हच्या तेलांत मुरदाडशिंग घालून शिजविलें असतां पाण्यांत एक गोड द्रव उतरला. तेंच ग्लिसरीन. वनस्पतितेलापासून डीझेलऐवजीं चालणारें इंधन करूं लागल्यापासून दर शंभर शेर इंधनामागें सुमारें दहा शेर ग्लिसरीन मागें उरतें, आणि त्याचें काय करावें हा कारखानदारांस प्रश्न पडतो. प्लॅटिनम व टंगस्टन ऑक्साइड यांच्या योगानें त्याचें धागे बनविण्याजोगें दुसरें द्रव्य करतां येतें. कोपिंगच्या दुकानांतल्या दोन बरण्या दोन शतकांनंतर अशा एकत्र आल्या. लिंबांतील, सफरचंदांतील, आंबलेल्या दुधांतील आम्लें प्रथम निराळीं काढणारा हाच. क्लोरिन वायु प्रथम काढणाराही हाच. सगळी यादी देऊं लागलों तर जागा पुरणार नाहीं.

परंतु त्याची एक कृति लोकांस फार महाग पडली. तांबें व सोमल यांपासून त्यानें एक सुंदर हिरवा रंग केला. पुढील शतकांत युरोपांत हा रंग भिंतींवर चिकटविण्याच्या कागदांना, कृत्रिम फुलांना, कापडांना सर्रास देऊं लागले, आणि त्यांतील सोमलानें पुष्कळ माणसें आजारी पडलीं. द्रव्य शोधणारा एक आणि विकणारा दुसरा, हें खरें. तरी ही बाजू झांकून त्याचें चरित्र लिहिणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

स्वतःच्या बाबतींत तर त्यानें कधींच काळजी घेतली नाहीं. हातीं आलेल्या पदार्थाचा वास घेऊन व चव घेऊन तो पाहत असे. प्रुसिक आम्लासारख्या जहाल विषाच्या चवीचें वर्णनही त्यानें लिहून ठेविलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं रसायनशाळेंत या एका गोष्टींत त्याचें अनुकरण मुळींच करूं नये. सोमल, पारा, शिसें व निरनिराळ्या वाफा यांत वर्षानुवर्षें वावरल्यानें व थंडींत रात्रीं जागून काम केल्यानें त्याचे सांधे धरले, मूत्रपिंडें बिघडलीं, अंगावर त्वचेचा रोग उठला. १७८६ च्या वसंतांत आपला शेवट जवळ आला हें त्याला कळून चुकलें. दुकानाची धनीण इतकीं वर्षें त्याचें घर पाहत आली होती. दुकान व जें कांहीं आपलें आहे तें निर्वेधपणें तिच्या पदरीं पडावें म्हणून अंथरुणावर पडल्या पडल्याच त्यानें तिच्याशीं विवाह केला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनीं, २१ मे रोजीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं तो वारला.