झॉर्झ बार्बिए : वेषभूषेचा चित्रकार

शिंप्याच्या दुकानातील फॅशनच्या चित्राला कलाकृती म्हणायला आपण सहसा तयार होत नाही. धंद्यासाठी काढलेले चित्र ते धंद्याचेच, असा आपला समज. मला तो मान्य नाही. म्हणूनच झॉर्झ बार्बिए या फ्रेंच चित्रकाराची ओळख करून द्यावीशी वाटते.

बार्बिएचा जन्म १८८२ साली नाँत या बंदराच्या शहरी झाला. पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये तो झाँ-पोल लोरांस यांच्याकडे शिकला. गुरू ऐतिहासिक प्रसंगांची भव्य तैलचित्रे काढणारे. शिष्याचे मन मात्र लूव्ह्र संग्रहालयातील ग्रीक कलशांवर जडले. १९११ साली त्याचे पहिले प्रदर्शन भरले आणि त्याचा बोलबाला झाला.

१९१२ साली ल्युसिएँ व्होजेल यांनी ‘गाझेत द्यू बाँ ताँ’ हे फॅशनचे नियतकालिक काढले. बार्बिए त्याच्या प्रमुख चित्रकारांपैकी एक. यातील चित्रे ‘पोश्वार’ पद्धतीने छापली जात. प्रत्येक रंगासाठी धातूच्या पातळ पत्र्याचा वेगळा साचा कापायचा आणि त्यावरून ब्रशाने रंग भरायचा. म्हणजे प्रत्येक प्रत हातानेच रंगवलेली! साच्याला सपाट रंग आणि स्पष्ट कडा मानवतात. बार्बिएची सलग, डौलदार रेषा आणि तिने वेढलेले शुद्ध रंग यांना ही पद्धत अगदी पोषक ठरली. ग्रीक कलशावरील आकृतीचा ठामपणा त्याने पॅरिसच्या स्त्रीला दिला. कॉर्सेटच्या जाचातून तेव्हा नुकतीच सुटू लागलेली ही स्त्री त्याच्या चित्रात ताठ मानेने, मोकळी उभी आहे.

रशियन बॅलेने तो भारावला होता. १९१३ साली त्याने निजिन्स्कीच्या नृत्यांवर चित्रसंग्रह काढला. पुढच्या वर्षी कार्साविनावर. १९१४ सालीच कार्तिए या जवाहिऱ्यांसाठी त्याने काढलेली स्त्री आणि काळा बिबट्या ही जोडी पुढे त्या पेढीची खूणच बनली. महायुद्धाने १९१५ साली गाझेत बंद पडले, ते १९२० साली पुन्हा सुरू झाले. १९२४ साली व्हॅलेंटिनोच्या ‘मस्यू बोकेर’ या चित्रपटासाठी बार्बिएने पोशाखही रेखाटले.

पण काळ पालटत होता. १९२५ साली गाझेत कायमचे थांबले. फॅशनच्या पानांवर हळूहळू कॅमेऱ्याचे राज्य आले. १९३२ साली, पन्नाशीही न गाठता, बार्बिए गेला आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे नाव विस्मृतीत राहिले.

त्याने चितारलेले पोशाख आज कोणी घालत नाही. तरीही ती चित्रे पाहताना डोळा रेषेबरोबर खांद्यावरून पायघोळापर्यंत आपोआप उतरतो. विकायची वस्तू कधीच कालबाह्य झाली. चित्र मात्र उरले. कलेची याहून वेगळी कसोटी कोणती असते? आणि ते साचे कापणारे, रंग भरणारे कारागीर? त्यांपैकी बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. बार्बिएला दाद देताना त्या हातांनाही दाद द्यावी, असे मला वाटते.