आचार्य श्रीनागदेव : विजन आणि समुदाय

परमार्गाच्या आचारधर्मात अटन, विजन आणि भिक्षा यांना मोठे स्थान आहे. साधकाने संग सोडावा, एकाकी असावे, ही स्वामींची आज्ञा. मग अनेकांनी मिळून राहण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न जिज्ञासू वासनिक वारंवार करतात. त्याचे उत्तर आद्य आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास यांच्या चरित्रात सापडते.

शके ११५८ (इ. स. १२३६) हा त्यांचा जन्मकाळ मानतात. माता आबाइसा व चुलत भगिनी महदाइसा याही मार्गात आल्या. नागदेव व महदाइसा प्रथम रामदेव दादोसांचे अनुयायी होते. त्यांच्याच योगे त्यांना श्रीचक्रधरस्वामींचे सन्निधान घडले. परंतु आपली माणसे स्वामींकडे वळतात हे पाहून दादोसांच्या मनात खंत उपजली. शिष्यांविषयीचे ममत्व जाणत्यालाही कसे बाधते, हे नागदेवांनी तेव्हाच पाहिले.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. नागदेव विरहाने व्याकुळ झाले. आपापले दुःख घेऊन सर्वांनी दाही दिशा धरल्या असत्या, तर मार्ग तेथेच विखुरला असता. तसे झाले नाही. भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र राहिले, आणि प्रभूंच्या प्रयाणानंतर आचार्यांसह गंगातीरी निंब्यास आले.

या सहवासाचे थोर फळ म्हणजे लीळाचरित्र. म्हाइंभट मूळचे धनाढ्य व गर्विष्ठ पंडित. पण स्वामींच्या लीळा मिळविण्यासाठी ते एकेका भक्ताच्या दारी गेले. ज्याच्या त्याच्या अंतरी जपलेली आठवण त्यांनी मागून घेतली व आचार्यांकडून पारखून घेतली. इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपुरी वाजेश्वरीस हा ग्रंथ सिद्ध झाला, असे मानतात. ज्याचे त्याचे खासगी धन असे सर्वांचे झाले.

केशोबासांना संस्कृत रचनेची ओढ होती. विद्वानास ती स्वाभाविकच. आचार्यांनी मात्र त्यांना आवरले. कारण संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. येथे एका पंडिताच्या कीर्तीपेक्षा समुदायातील दुर्बलांचा अधिकार मोठा ठरला. केशोबासांनाही हे सोपे गेले नसावे. तरीही त्यांनी आज्ञा मानली, आणि सूत्रपाठाच्या संकलनाने मार्गास चिरंतन आधार दिला.

विजन व समुदाय यांत विरोध नाही, हे यावरून कळते. विजनात साधक संग त्यागतो; पण अहंता खरोखर गेली की नाही, याची परीक्षा समुदायातच होते. महाडहून भोरकडे जाणाऱ्या वरंध घाटाखाली शिवथरची घळ आहे. तेथे समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. त्या निबिड एकांतातही लिहून घेणारा दुसरा लागलाच. निराळ्या संप्रदायाचे हे उदाहरण येथे विचारार्ह वाटते.

शके १२२४ (इ. स. १३०२) मध्ये आचार्यांनी देह ठेवला. पुढे मार्गात तेरा आम्नाय झाले. ममत्वाचा जो दोष दादोसांच्या ठायी दिसला, तो आपल्यालाही स्पर्श करू शकतो, हे त्यावरून ओळखावे. तथापि लीळाचरित्र व सूत्रपाठ सर्व आम्नायांचे एकच राहिले. आपल्या मठाचा, आपल्या गुरूचा अभिमान मनात दाटेल तेव्हा साधकांनी व वासनिकांनी त्या एका ठेव्याचे स्मरण करावे.