लंडनच्या भुयारी रेल्वेला नकाशा देणारे हॅरी बेक

जगातील बहुतेक मोठ्या शहरांमध्ये मेट्रोचे नकाशे ज्या पद्धतीने काढले जातात, ती पद्धत रूढ करण्याचे श्रेय लंडनच्या भुयारी रेल्वेतील एका ड्राफ्ट्समनला दिले जाते. हेन्री चार्ल्स तथा हॅरी बेक हे त्यांचे नाव. लंडनमध्ये नवख्या आलेल्या माणसालाही वाट न विचारता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येते, याचे मोठे कारण बेक यांनी 1931 मध्ये रेखाटलेला आराखडा हे आहे. मात्र जो नकाशा कोट्यवधी लोकांच्या हाती पोहोचला, त्यावरील आपला हक्क सिद्ध करण्यात खुद्द बेक यांची उतारवयातील अनेक वर्षे खर्ची पडली आणि तरीही त्यांना यश आले नाही.

बेक यांचा जन्म 4 जून 1902 रोजी लंडनच्या पूर्वेकडील लेटन येथे झाला. 1925 मध्ये ते भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात तात्पुरते ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. सिग्नल यंत्रणेची रेखाचित्रे काढणे हे त्यांचे काम होते. नकाशे किंवा जाहिरात यांच्याशी त्यांच्या पदाचा काहीही संबंध नव्हता. नोकरीही कायम स्वरूपाची नव्हती आणि जागतिक मंदीच्या त्या काळात अशा नोकरीचा भरवसा फारसा नसे.

जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये जानेवारी 1863 मध्ये सुरू झाली. पुढे निरनिराळ्या खासगी कंपन्यांनी आपापले मार्ग बांधले. या सर्व मार्गांचा एकत्रित नकाशा प्रवाशांना 1908 मध्ये प्रथम मिळाला. प्रत्येक मार्गाला वेगळा रंग देण्याची प्रथा तेव्हापासूनच होती, म्हणजे ती बेक यांची कल्पना नव्हे. 1920 च्या दशकात फ्रेड स्टिंगमोर यांनी काढलेला खिशात मावणारा नकाशा प्रचलित होता. स्टिंगमोर यांनी तो बराच सुटसुटीत केला असला, तरी त्याचा पाया भूगोलाचाच होता. लोहमार्ग जमिनीखाली जसे वळत, तसेच ते कागदावरही वळत. परिणामी शहराच्या मध्यभागी स्थानकांच्या नावांची दाटी होई आणि उपनगरांकडे रिकामी जागा उरे. मार्ग शहराबाहेर जसजसे लांबत गेले, तसतसे ते कागदावर मावेनासे झाले.

बेक यांनी विचार केला तो प्रवाशाच्या बाजूने. भुयारात बसलेल्या माणसाला बाहेरचे रस्ते दिसत नाहीत. गाडी कोणत्या इमारतीखालून जात आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पुढचे स्थानक कोणते आणि गाडी कोठे बदलायची, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. ही बाब एकदा मान्य केली की नकाशातील अंतरांचे प्रमाण पाळण्याची गरज उरत नाही. बेक यांनी नेमके तेच सोडून दिले. त्यांनी सर्व मार्ग आडव्या, उभ्या आणि 45 अंशांत तिरप्या रेषांमध्ये बसवले. मध्य लंडन जणू भिंगाखाली धरल्यासारखे मोठे केले आणि उपनगरे जवळ ओढून घेतली. सामान्य स्थानकांसाठी ठिपक्यांऐवजी रेषेला जोडलेली आखूड खूण वापरली आणि गाडी बदलण्याची स्थानके वेगळ्या चिन्हाने उठून दिसतील, अशी व्यवस्था केली. जमिनीवरची एकच गोष्ट त्यांनी नकाशात राहू दिली, ती म्हणजे थेम्स नदी. तिलाही मात्र आपली वळणे सोडून त्याच कोनांच्या शिस्तीत वाहावे लागले.

विजेच्या मंडलांची चित्रे काढण्याच्या सवयीतून बेक यांना ही कल्पना सुचली, असे नेहमी सांगितले जाते. नकाशाचे त्या चित्रांशी असलेले साम्य त्यांच्या सहकाऱ्यांच्याही नजरेतून सुटले नव्हते. बेक यांनी 1933 मध्ये कर्मचाऱ्यांच्या मासिकासाठी स्थानकांची नावे घालून विद्युत मंडलाचे एक विनोदी चित्रही काढले. रेल्वेमार्ग सरळ रेषांत दाखवणारे ते पहिलेच होते, असेही म्हणता येणार नाही. जॉर्ज डाऊ यांनी ब्रिटनच्या एका रेल्वे कंपनीसाठी त्यापूर्वीच असे तक्ते काढले होते. परंतु एकमेकांत गुंतलेल्या अनेक मार्गांच्या संपूर्ण जाळ्याला हा नियम लावून ते वाचनीय करणे हे वेगळ्या तोडीचे काम होते, आणि ते बेक यांनी फावल्या वेळात, कोणीही न सांगता केले.

प्रसिद्धी विभागाने 1931 मध्ये हा आराखडा नाकारला. अंतरे न दाखवणारा नकाशा लोकांना फारच अनोळखी वाटेल, अशी शंका घेण्यात आली. बेक यांनी पुढच्या वर्षी तो पुन्हा सादर केला. तेव्हा 500 प्रती छापून निवडक स्थानकांवर चाचणी घेण्यात आली आणि प्रवाशांनी तो तत्काळ उचलून धरला. जानेवारी 1933 मध्ये खिशात मावणाऱ्या आवृत्तीच्या सुमारे 7 लाख प्रती छापण्यात आल्या. लोकांनी आपला अभिप्राय कळवावा, अशी विनंतीही मुखपृष्ठावर करण्यात आली होती. लवकरच पुनर्मुद्रण करावे लागले. या कामाबद्दल बेक यांना मिळालेला मोबदला अवघ्या काही गिनींचा होता.

नकाशाच्या यशाला तत्कालीन परिस्थितीही अनुकूल ठरली. 1932 आणि 1933 मध्ये पिकाडिली मार्ग उत्तरेला कॉकफॉस्टर्सपर्यंत वाढवण्यात आला आणि 1 जुलै 1933 रोजी लंडनची भुयारी रेल्वे, बस व ट्राम या सेवा एकाच सार्वजनिक मंडळाच्या हाती आल्या. मंडळाला दूरच्या उपनगरांतील प्रवासी हवे होते आणि बेक यांच्या नकाशात ही उपनगरे मध्य लंडनपासून हाकेच्या अंतरावर असल्यासारखी दिसत. याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या लगतच्या स्थानकांमधील अंतर 300 मीटरपेक्षा कमी आहे. नकाशावरून ते कळत नाही, आणि पायी चार-पाच मिनिटांत पोहोचता येईल अशा ठिकाणी जाण्यासाठी पर्यटक आजही जिने उतरून गाडी पकडतात.

त्यानंतर सुमारे पाव शतक बेक या नकाशावर काम करत राहिले. नवीन मार्ग आले, नावे बदलली, युद्धामुळे काही नियोजित विस्तार रखडले आणि नंतर रद्द झाले. प्रत्येक बदलाबरोबर जागेचे गणित नव्याने मांडावे लागे. सर्कल मार्ग स्वतंत्र मार्ग म्हणून 1949 मध्ये नकाशात आला. पॅरिसच्या मेट्रोसाठीही बेक यांनी आपल्या पद्धतीचा आराखडा केला होता, परंतु तेथील प्रशासनाने तो स्वीकारला नाही. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनच्या मुद्रणविद्येच्या महाविद्यालयात अक्षररचना आणि रंगयोजना शिकवू लागले. नकाशाचे काम मात्र त्यांनी बाहेरून सुरूच ठेवले.

वादाची ठिणगी पडली ती 1960 मध्ये. त्या वर्षी नवा नकाशा प्रसिद्ध झाला आणि त्यावर बेक यांच्याऐवजी प्रसिद्धी अधिकारी हॅरोल्ड हचिसन यांचे नाव होते. रचना बेक यांच्याच तत्त्वावर आधारलेली होती, परंतु वळणांची गोलाई जाऊन तेथे टोकदार कोन आले होते आणि नावे अडचणीत कोंबल्यासारखी दिसत होती. नकाशाचा स्वामित्वहक्क आपण दिला, तेव्हा पुढील सर्व बदल आपल्याकडूनच करून घेतले जातील असे ठरले होते, अशी बेक यांची धारणा होती. लंडन ट्रान्सपोर्टला ती मान्य नव्हती.

कागदोपत्री बाजू संस्थेची होती, हे नाकारता येत नाही. तरीही ज्याने वर्षानुवर्षे एकेका स्थानकाचे नाव हाताने बसवले, त्याला साधी पूर्वसूचनाही न देता बाजूला सारणे न्यायाला धरून नव्हते. बेक पत्रे लिहीत राहिले. त्या काळात व्हिक्टोरिया मार्गाचे नियोजन सुरू होते. तो मार्ग सामावून घेणारा सुधारित आराखडा त्यांनी स्वतःहून तयार करून पाठवला. तो स्वीकारण्यात आला नाही. दरम्यान हचिसन यांचा नकाशाही टिकला नाही. 1964 मध्ये पॉल गारबट यांनी काढलेल्या नकाशाने त्याची जागा घेतली आणि त्यात बेक यांच्या शैलीतील गोलाई परत आली. बेक यांचे नाव मात्र परतले नाही. 1965 च्या सुमारास त्यांनी हा प्रयत्न सोडून दिला. 18 सप्टेंबर 1974 रोजी साउथॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले.

बेक यांच्या कार्याकडे लक्ष वेधले ते प्रामुख्याने आरेखनकार केन गारलँड यांनी. बेक यांच्याशी त्यांचा परिचय होता. त्यांनी लिहिलेले नकाशाच्या इतिहासाचे पुस्तक 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे लंडनच्या परिवहन प्रशासनाने अधिकृत नकाशावर मूळ रचना बेक यांची असल्याचा उल्लेख छापण्यास सुरुवात केली. 2006 मध्ये विसाव्या शतकातील सर्वोत्तम ब्रिटिश आरेखन निवडण्यासाठी झालेल्या जनमत चाचणीत कॉंकॉर्ड विमानाने पहिला आणि या नकाशाने दुसरा क्रमांक मिळवला. लेटन येथील त्यांच्या जन्मस्थानी 2013 मध्ये स्मृतिफलक लावण्यात आला.

बेक यांच्या काळाच्या तुलनेत लंडनच्या भुयारी रेल्वेचा विस्तार आता बराच वाढला असून 11 मार्ग आणि 272 स्थानके तिच्या नकाशात सामावली आहेत. दिल्ली, मुंबई, पुणे, नागपूर येथील मेट्रोच्या नकाशांतही सरळ रेषा आणि रंगांची तीच भाषा वापरलेली आढळते. बेक यांनी वहीच्या पानांवर केलेले पहिले कच्चे रेखाटन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेले आहे. ते राहत त्या भागातील फिंचली सेंट्रल स्थानकाच्या फलाटावर त्यांच्या 1933 मधील नकाशाची प्रत लावलेली असून, शेजारी त्यांच्या नावाचा फलक आहे.